भिंतीवरच्या तीन मुली

एनएसएसतर्फे आम्ही मानखुर्दच्या एका शाळेत शिकवायला जातो. तिथे भिंतींवर पुढारी, सुविचार आणि फळांचा तक्ता. निव्वळ बघायला म्हणून लावलेलं चित्र एकही नाही! याच मानखुर्दमध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्याची मातृसंस्था टीआयएफआर. तिच्या कुलाब्याच्या इमारतीसाठी स्वतः भाभांनी हुसेनसारख्यांची चित्रं जमवली. पण आमची पोरं कुलाब्याला कधी जाणार?

मग चित्रच शाळेत आणायचं! इंग्लंडमध्ये ब्रेंडा रॉन्सली या बाईंनी १९४६ पासून 'स्कूल प्रिंट्स' काढले. नामवंत चित्रकारांकडून खास शाळांसाठी लिथोग्राफ करून घेतले. एका चित्राच्या भरपूर प्रती, म्हणून किंमत कमी. सुरुवातीच्या चित्रांत तर चौकटही छापलेलीच, म्हणजे फ्रेमचा खर्च वाचला. १९४९ च्या संचात पिकासो, मातीससुद्धा होते.

आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. अमृता शेरगिल १९४१ साली गेल्या, त्यामुळे २००२ पासून त्यांची चित्रं सर्वांना खुली आहेत. त्यांचं १९३५ चं तीन मुलींचं चित्र आम्ही रंगीत छापलं आणि पोरांच्या नजरेच्या उंचीवर लावलं. अर्थ मुद्दाम सांगितला नाही.

चौथीतली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, ह्या कुणाची वाट बघतायत?"

मागून दुसरी, "वाट नाय बघत, त्यांना कुणीतरी ओरडलंय!"

झालं, वर्गात वाद सुरू! सुविचारांवर असा वाद कधी झाला नव्हता.

अजून तीन भिंती रिकाम्या आहेत. येताय शनिवारी?