पायाखालचा मुकुट : बेलफास्टचा जुना पब आजही तसाच

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर 'क्राऊन लिकर सलून' हा जुना पब आहे. बाहेरून रंगीत फरशा. आत कोरीव लाकूड, रंगीत काचा आणि चक्क गॅसबत्त्या. हे रूप १९व्या शतकाच्या अखेरचं. चर्चच्या कामाला आलेल्या इटालियन कारागिरांनी ते घडवलं, असं सांगतात.

एका बाजूला दहा लाकडी कप्पे आहेत, प्रत्येकाला दार. पिताना चारचौघांच्या नजरेला पडायला नको, अशांसाठी ही सोय. आत बसून घंटी वाजवली की वेटर हजर. काडी ओढायला भिंतीवर धातूच्या पट्ट्याही आहेत.

नावाची गोष्ट तर वेगळीच. क्राऊन म्हणजे ब्रिटिश राजमुकुट. मालक पॅट्रिक फ्लॅनिगन आयरिश राष्ट्रवादी, बायको मात्र राजनिष्ठ, अशी दंतकथा आहे. त्यानं बायकोचं नाव मानलं. पण मुकुट काढला तो दारातल्या फरशीवर, येणाऱ्यांनी त्यावर पाय पुसावेत म्हणून! पाटीवरच्या एका शब्दात किती काय दडलेलं असतं, हे सीमाभागाला वेगळं सांगायला नको.

पुढे समोरच्या युरोपा हॉटेलवर वारंवार बॉम्बहल्ले झाले, त्यात पबचंही नुकसान झालं. १९७८ मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं ही वास्तू घेतली. कवी जॉन बेट्जमन यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. डागडुजी झाली, पण तिचं संग्रहालय केलं नाही. गिऱ्हाईक आजही त्याच कप्प्यांत बसतं. वास्तू टिकली ती अशी, वापरात राहून.