भिंतीतले पाइप

आमचे घर चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत आहे. या रस्त्यावर संगणक कंपन्यांची रांगच आहे. माझी ताई त्यांतल्याच एकीत काम करते. या सुट्टीत तिने मला गिट शिकवले.

गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहायला घेतली. तिच्या आज्ञांचे दोन गट आहेत. रोजच्या आज्ञांना ‘पोर्सलीन’ म्हणतात, म्हणजे बाहेर दिसणारे बेसिन. आतल्या आज्ञांना ‘प्लंबिंग’ म्हणतात, म्हणजे भिंतीतले पाइप.

‘अ‍ॅड’ आणि ‘कमिट’ जे काम करतात, तेच प्लंबिंगने पायरीपायरीने करता येते. ‘हॅश-ऑब्जेक्ट’ मजकुरावरून ओळखक्रमांक काढते. ‘अपडेट-इंडेक्स’ फाइल यादीत चढवते. ‘राइट-ट्री’ त्या यादीचा ट्री बनवते. ‘कमिट-ट्री’ त्याची नोंद करते. शेवटी ‘अपडेट-रेफ’ शाखेला नव्या नोंदीवर आणते.

प्रत्येक आज्ञेचे माहितीपान आहे. पण ती पाने जाणकारासाठी लिहिल्यासारखी वाटतात. ‘हॅश-ऑब्जेक्ट’ला ‘डब्ल्यू’ हा पर्याय दिला नाही, तर क्रमांक मिळतो, पण मजकूर साठवला जात नाही. क्रमांक दिसला की नवशिक्याला वाटते, काम झाले! ‘कमिट-ट्री’ने केलेली नोंद कोणत्याही शाखेला जोडली नाही, तर साफसफाईची आज्ञा ती काही काळाने काढून टाकू शकते. नेहमीची मुदत दोन आठवडे असते. म्हणजे केलेले काम गेले.

म्हणून प्रत्येक पानावर सुरुवातीलाच तीन ओळी असाव्यात, असे मला वाटते: या आज्ञेने काय होते, काय होत नाही आणि पुढची आज्ञा कोणती. खाली एक पूर्ण उदाहरण असावे. आपल्याकडेही लेखी आदेश असाच लागतो. लिहिणारा समोर नसतानाही वाचणाऱ्याला तो पाळता आला पाहिजे.

गिटची माहितीपाने तिच्या कोडसोबतच ठेवलेली असतात आणि कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. ‘कमिट-ट्री’साठी मी एक उदाहरण लिहिले आहे. ताई म्हणाली, “पाठवण्याआधी ज्याला गिट येत नाही, त्याच्याकडून करून घे. तो जिथे अडेल, तिथे तुझे वाक्य बदल.” संगणकाच्या तासाला मला असे दोन कॅडेट हवे आहेत. गिट येत नसेल, तरच या!