जुन्या पत्र्याच्या घरात उकाडा? माळ्याला हवेच्या दोन वाटा द्या

उन्हाळा तोंडावर आलाय. मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातो. जुन्या दगड-मातीच्या भिंती, बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर दुपाखी पत्रे आणि मध्ये फळ्यांचा माळा, अशी घरं गावोगाव आहेत. दिवस मावळला तरी या घरात झोप येत नाही. म्हातारी माणसं अन् तान्ही लेकरं यांना त्याचा जास्त त्रास होतो.

कारण साधं आहे. पूर्वी माळवदाला सानं असायचं, भिंतीत झरोके असायचे. गिलावा करताना आपण उंदीर-चिमण्यांच्या भीतीने पत्र्याखालच्या फटीसुद्धा सिमेंटने बुजवल्या. आता पत्रा तापला की माळ्यावरची गरम हवा तिथंच कोंडते. हिवाळ्यात घरातली ओलसर हवा थंड पत्र्याला लागून पहाटे पाणी ठिबकतं, ते माळ्यावरच्या ज्वारीच्या पोत्यांवर पडतं आणि धान्याला बुरशी धरते.

बरेच जण वर एकच भोक पाडतात, पण तेवढ्यानं भागत नाही. खालून गार हवा आत आली तरच वरून गरम हवा बाहेर जाते. म्हणून वाटा दोन पाहिजेत. एक खाली, वळचणीजवळ भिंतीच्या माथ्याला. दुसरी वर, आढ्याच्या जवळ, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीत.

किती जागा सोडायची?

ढोबळ हिशोब असा, माळ्याच्या १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट मोकळी जागा. घर २० बाय ३० फूट असेल तर ६०० चौरस फुटांना ४ चौरस फूट. त्यातली निम्मी खाली, निम्मी वर. जाळी बसवली की बरीच जागा अडते, म्हणून भोकं दुप्पट धरा. वर दोन्ही भिंतींत दीड-दीड फुटाची एकेक खिडकी आणि खाली दोन्ही बाजूंना ६ बाय १२ इंचांची चार-चार भोकं पुरतात. उंदीर-साप शिरू नयेत म्हणून बारीक, मजबूत जाळी लावा आणि ती वर्षातून एकदा झाडून घ्या.

भिंत फोडताना जपा

मातीच्या भिंतीवर घण घालू नका. आधी ग्राइंडरने गिलाव्यावर चौकोन कापा, मग छन्नीने हळूहळू काढा. तुळई किंवा वासा जिथं टेकलाय ती जागा सोडा. भोकाच्या वर दगडी फाडी नाहीतर लोखंडी अँगल द्या. खालची बाजू बाहेर उतरती ठेवा आणि कडा गिलाव्याने नीट बंद करा. पावसाचं पाणी गिलाव्यामागे शिरलं तर आतली माती भिजते. वरून भिंत चांगली दिसते, पण आतून खचते. काम गवंड्याला दाखवूनच करा.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू किंवा छिद्र पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. अशा घराला भिंतीतूनच वाट द्या.

एक लक्षात ठेवा, हवा खेळली तरी तापलेल्या पत्र्याची धग थोडी लागणारच. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर ती कमी होते. पण आधी कोंडलेली हवा मोकळी करा. हे काम पाडव्याच्या आत उरकलं तर यंदाचा उन्हाळा सोसेल, आणि पावसाआधी गिलावाही चांगला वाळेल.