हाव वेगळी, गोडी वेगळी

डोपामिन हा शब्द आता कट्ट्यावरच्या गप्पांतही शिरला आहे. रील पाहिलं की डोपामिन, लाइक मिळाला की डोपामिन आणि या सगळ्याचा वीट आला की 'डोपामिन डिटॉक्स'. आनंद देणारं रसायन असं लेबल त्याला चिकटवून आपण मोकळे झालो. प्रयोगशाळेतून मात्र गेली काही दशकं निराळंच काही कानावर येत आहे. या रसायनाच्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते, तिथूनच सुरुवात करू.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिलं जात होतं. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याच्या गुणांविषयी लिहिलं, पण पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरचे आपले अनुभव मांडले, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीने या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. त्याने रक्तदाब उतरे, बेफाम रुग्ण शांत होत. काही रुग्ण मात्र इतके शांत होत, की त्यांना कशातच रस उरत नसे.

हे का होतं, याचा माग स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन काढत होते. १९५७ मध्ये त्यांनी सशांना रेसरपिन टोचलं. ससे कान पाडून जागच्या जागी थिजले. मग त्यांना एल-डोपा दिलं. मेंदूत याच द्रव्यापासून डोपामिन तयार होतं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. तोवर डोपामिन म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवताना लागणारा निव्वळ कच्चा माल, अशीच समजूत होती. या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचं नोबेल विभागून मिळालं. गंमत अशी, की हेच एल-डोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, भरपूर असतं. एक वनस्पती मेंदूतला डोपामिनचा साठा रिता करते, तर दुसरीत तो भरायचं साहित्य आहे. (म्हणून कुणी कवचबीजाचं चूर्ण आपल्या मनाने फाकायला लागू नये.)

त्याआधी, १९५४ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युत्तार बसवली होती. खटका दाबला की मेंदूला हलका प्रवाह मिळे. उंदीर खटका दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. वर्तमानपत्रांनी 'सुखाचं केंद्र सापडलं' म्हणून दवंडी पिटली. उंदीर सतत खटका दाबतो म्हणजे त्याला सुखच होत असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. त्या गृहीतकाने विज्ञानाला तीसएक वर्षं चकवलं, असं माझं मत आहे.

हा चकवा फुटला तो उंदराच्या जिभेमुळे. साखरपाणी तोंडात पडलं की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. कडू लागलं की तोंड वासतो, डोकं झटकतो. तान्ह्या बाळांचे चेहरेही असेच बोलतात. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकात ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नष्ट केलं आहे, असे उंदीर घेतले. हे उंदीर समोर अन्न असूनही खात नसत. नळीने भरवलं नाही, तर उपाशी मरत. डोपामिन म्हणजेच सुख असतं, तर ते गेल्यावर साखर बेचव लागायला हवी होती. पण साखरेचा थेंब जिभेवर पडताच ते पूर्वीसारखेच ओठ चाटू लागले! गोडी शाबूत होती, गेली होती ती त्या गोडीसाठी हलण्याची इच्छा. मेंदूच्या रंगीत छायाचित्रांनी भरलेल्या कित्येक शोधनिबंधांपेक्षा मला ही जिभेची साक्ष मोलाची वाटते.

पुढे दिसलं, की गोडी वाढवणाऱ्या जागा फार चिमुकल्या आहेत. उंदरात त्यातली एक जेमतेम एक घन मिलिमीटरची. तिथे मेंदूतली अफूसदृश द्रव्यं काम करतात. हाव जागवणारं डोपामिनचं जाळं त्या मानाने ऐसपैस आणि दांडगं.

हे जाळं कधी चेततं, ते मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर तपासलं. अवचित फळांचा रस मिळाला, की डोपामिनच्या पेशी कडाडतात. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की त्या दिव्यालाच कडाडतात, रस मिळताना मात्र नेहमीसारख्याच राहतात. दिवा लागला पण रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा वेग घसरतो. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक पेशी मोजत असतात. मोबाइलवर काय येईल याचा नेम नसतो, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. फराळाच्या ताटातली चौथी चकली पहिलीइतकी खमंग लागत नाही, तरी हात डब्यात जातोच. राहता राहिला तो 'डिटॉक्स'. फोन चार दिवस दूर ठेवणं चांगलंच, पण डोपामिन काही विष नव्हे, ते शरीरातून काढून टाकायचंही नसतं. ते आटलं, तर माणूस सशासारखा थिजतो.

कंपवातात नेमकं हेच होतं. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, हालचाल मंदावते आणि पुष्कळदा उमेदही. त्यावरच्या काही गोळ्या, विशेषतः प्रॅमिपेक्झोलसारख्या डोपामिनची नक्कल करणाऱ्या, काही रुग्णांत उलट टोक गाठतात. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेला माणूस जुगारात पैसे उडवू लागतो, कुणी खरेदीचा सपाटा लावतो. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं, की बहुतेकांचं वागणं ताळ्यावर येतं. पण रुग्ण लाजेने बोलत नाही, घरचे म्हातारचळ म्हणून डोक्याला हात लावतात आणि डॉक्टरांपर्यंत गोष्ट जातच नाही.

तुमच्या घरात कुणी अशी औषधं घेत असेल आणि अचानक लॉटरीच्या, ऑनलाइन रमीच्या किंवा खरेदीच्या नादी लागलं असेल, तर त्यांना बोल लावण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.