निर्धूर चूल आणि धुराड्याची वार्षिक सफाई

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून खेड्यातील अनेक घरी गॅस पोहोचला. तरी सिलिंडर संपला की आपल्या माता-भगिनी पुन्हा चुलीकडेच वळतात. चूल नावाने निर्धूर असली, पण धुराडे तुंबलेले असले, तर धूर घरातच फिरतो. ओले सरपण अर्धवट जळते व त्याच्या धुराचा डांबरासारखा थर थंड नळीत बसतो. वाट अरुंद होते. डोळे व फुप्फुसे बिघडतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने धोका कळत नाही. कधी हा थर पेटही घेतो.

म्हणून बुद्धजयंतीसाठी घर सारवतो, रंगवतो, तेव्हाच हे काम उरकावे, असे आम्ही सुचवितो. चूल पूर्ण थंड होऊ द्यावी. तोंडावर व वैलावर ओले पोते टाकावे. नाका-तोंडाला कापड बांधावे. दोरीला दगड व नळीच्या मापाचा काथ्याचा बोळा बांधून तो छपरावरून वरखाली ओढावा. खाली पडलेली काजळी काढावी, भेगा माती-शेणाने लिंपाव्यात. फोडलेले सरपण पावसाआधी आडोशाला रचावे. मध्येच धूर उलटू लागला, तर वर्षाची वाट पाहू नये.

विद्यार्थ्यांनी सुटीत हे काम स्वतः करावे. आईच्या डोळ्यांतील पाणी थांबविणे हीही करुणाच होय.