तुरीचा ओलावा आणि विजेचा संरोध

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेचे मित्र हसतील. पण या विषयाकडे मी आलो तो तुरीच्या पोत्यावरून.

गेल्या हंगामात काकांची २० क्विंटल तूर घेऊन आम्ही एका खरेदी केंद्रावर गेलो. तेथील यंत्राने ओलावा १३ टक्के दाखविला. हमीभावाच्या खरेदीत मर्यादा १२ टक्क्यांची. माल परत! संध्याकाळी एका आडत दुकानातील यंत्राने त्याच पोत्यांतील तूर ११.८ दाखविली. काका म्हणाले, "तू बी.कॉम. शिकतोस ना? मग सांग, खरा आकडा कोणता?"

हिशेब मला येतो. १३ टक्के ओलाव्याच्या क्विंटलात कोरडा माल ८७ किलो. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन ९८.८६ किलो भरते. म्हणजे यंत्र एक टक्का चुकले, तर क्विंटलमागे एक किलोहून थोडा अधिक फरक. आपल्या बिदर-कलबुर्गी भागात तूर (कन्नड बांधवांची तोगरी) हेच नगदी पीक, तेव्हा हा फरक किरकोळ नव्हे.

मग पदार्थविज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी सांगितले ते असे. प्रत्यावर्ती प्रवाहाला वस्तू जो एकूण विरोध करते तो संरोध, म्हणजेच इंपीडन्स. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केला. दोन धातूच्या पत्र्यांमध्ये धान्य भरले की त्याचे धारित्र होते. पाण्याचा अपारक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या धान्याचा त्यामानाने फारच थोडा. म्हणून दाण्यात पाणी वाढले की धारकता वाढते व संरोध घटतो. यंत्र पाणी मोजीत नाही. ते संरोध मोजते आणि कोष्टकावरून ओलावा सांगते.

पूर्वी हे मोजणे म्हणजे कसरतच. विद्युत् सेतूच्या एका बाजूला अज्ञात वस्तू, दुसरीकडे माहीत असलेले रोध व धारित्र. कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावायचा आणि आवाज बंद होईपर्यंत खुंट्या फिरवायच्या. त्यातही रोध आणि धारकता दोन्ही जुळवावे लागत. एक जुळवले की दुसरे बिघडे! आडत्याने गिऱ्हाईक सोडून हे कधी करावे? त्यापेक्षा तो दाणा दाताखाली फोडून भाव सांगत असे.

इलेक्ट्रॉनिकीने ही खुंटी माणसाच्या हातून काढून घेतली. प्रवर्धक मंडल सेतूचा तोल स्वतःच राखते. दुसरे मंडल प्रवाहाचे रोधाचा व धारकतेचा असे दोन भाग वेगळे करते. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक आला, आणि पुढे अशाच चकत्यांमुळे पिकांची कोष्टके यंत्राच्या पोटातच मावू लागली. आज संरोध मोजणारे सारे मंडल नखाएवढ्या एका चकतीवर मिळते.

तरी चूक होते. तापलेल्या धान्यातून वीज अधिक सहज वाहते. यंत्राने तपमानाची दुरुस्ती केली नाही तर आकडा फुगतो. तुरीऐवजी हरभऱ्याचे कोष्टक लागले, किंवा दाणे कमी-अधिक दाबून भरले, तरी तेच. आमची पोती त्या दिवशी भर दुपारच्या उन्हात दोन तास उभी होती.

यंदा काकांनी ती सावलीत ठेवली, आणि मोजणाऱ्याला आधी विचारले, "साहेब, यंत्रावर तूरच लावलीय ना?" आकडा ११.६ आला.