शालान्त गणित : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माध्यमिक शाळेतले गणित म्हणजे मोठमोठ्या संख्यांची आकडेमोड, हा सर्वांत जुना गैरसमज. आकडेमोडीचा बहुतेक भाग आठवीपर्यंत उरकलेला असतो. नववी-दहावीत ‘उत्तर किती?’ याच्या जोडीला ‘ते नेहमीच तसे का येते?’ हा प्रश्न येतो. दहा त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजले, तर बेरीज कधी 179 अंश येते, कधी 181. मोजून काही सिद्ध होत नाही. मात्र त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, की व्युत्क्रम कोनांमुळे तिन्ही कोन त्या एकाच रेषेवर शेजारी-शेजारी बसतात आणि जगातल्या प्रत्येक त्रिकोणाचा निकाल एका आकृतीत लागतो.

सूत्रे पाठ असली की गणित आले, हा दुसरा समज. परीक्षेत तो काही अंशी खराही ठरतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण सूत्र घोकलेला विद्यार्थीही घाईत बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज असे लिहून जातो. (3 + 4)² म्हणजे 49. 9 आणि 16 यांची बेरीज मात्र 25 भरते. उरलेले 24 गेले कुठे? 7 सेंमी बाजूचा चौरस कागदावर काढून प्रत्येक बाजू 3 आणि 4 अशी विभागली, की दोन चौरसांखेरीज 3 × 4 चे दोन आयत समोर दिसतात. सूत्रातले ‘दोन’ तिथून आलेले असते.

पायची किंमत 22/7 असते, हे तर मोठ्यांनाही पक्के ठाऊक असते. नववीच्या एकाच वहीत एका पानावर ‘पाय ही अपरिमेय संख्या आहे’ आणि दुसऱ्या पानावर ‘पाय = 22/7’ असे लिहिलेले सापडते. ही दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत, कारण 22/7 हा साधा अपूर्णांक आहे. तो पायपेक्षा किंचित मोठाच भरतो. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये 62832/20000, म्हणजे 3.1416, ही किंमत दिली आणि ती ‘आसन्न’, म्हणजे जवळपासची, असल्याचे सांगितले. पाय अपरिमेय असल्याची सिद्धता गणितज्ञ लाम्बर्टने 1761 मध्ये दिली.

‘पुढे याचा उपयोग काय?’ याचे उत्तर कर्जाच्या कागदावर मिळते. एक लाखाचे कर्ज, मुदत वर्षाची, ‘फ्लॅट’ दर 10 टक्के, म्हणजे व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. व्याज 10,000 रुपये, मासिक हप्ता सुमारे 9,167. दर रास्त वाटतो. पण पूर्ण लाख रुपये पहिल्याच महिन्यात वापरायला असतात. शेवटच्या महिन्यात देणे नऊ हजारांच्या आसपास उरते. मुद्दल दरमहा जवळपास सारखेच घटत असल्याने अंकगणिती श्रेढीने सरासरी काढता येते. ती सुमारे 54,000 येते. तेवढ्या रकमेवर 10,000 व्याज म्हणजे खरा दर 18 टक्क्यांच्या घरात जातो. दहावीच्या पुस्तकातली श्रेढी इथे घरखर्चाला येते.

मुलींना गणित जमत नाही, असे अजूनही बोलले जाते. गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांना 2014 मध्ये गणितातले मानाचे फील्ड्‌स पदक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एका पदकावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष निघत नाही, हे खरेच. पण सरसकट विधान खोडून काढायला एक प्रतिउदाहरण पुरते, हाही गणिताचाच नियम.

‘डोक्यातच गणित नाही’ हा शेरा बहुधा चुकीच्या जागी मारला जातो. बीजगणितात अडलेल्या मुलाची वही मागे उलटली, तर अडचण अनेकदा अपूर्णांकांत सापडते : 1/2 + 1/3 = 2/5. इथे तांबडी फुली मारून भागत नाही. 2/5 मोठा की 1/2, एवढेच विचारावे. 2/5 लहान आहे; म्हणजे अर्ध्यात भर घालूनही उत्तर अर्ध्याहून कमी आले. इतके दिसले की छेद समान का करायचे, हे सांगायला जागा होते.